सिलिंडर आणि रेग्युलेटरची मांडणी: हवेच्या हिशेबापासून पाण्यातल्या तपासणीपर्यंत

स्कूबा डायव्हिंगचा परवाना हाती आला की बहुतेक जण सर्वांत आधी रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासायोग्य दाबाला आणणारे उपकरण) विकत घेतात, मग त्याला कोणता सिलिंडर चालेल याची चौकशी करतात आणि आपण किती खोल, कोणत्या पाण्यात, कोणाबरोबर उतरणार आहोत हा प्रश्न शेवटी विचारतात. हा क्रम उलटा आहे. आधी पाणी आणि खोली, मग लागणारी हवा, मग सिलिंडर, मग व्हॉल्व्ह आणि सर्वांत शेवटी रेग्युलेटर व त्याच्या होजची (हवेच्या नळ्यांची) मांडणी, या क्रमाने गेल्यास निम्म्या चुका दुकानातच टळतात. उरलेल्या चुका बोटीवर जोडणी करताना होतात, म्हणून त्या भागाला इथे अधिक जागा दिली आहे. हा लेख प्रशिक्षित डायव्हरसाठी आहे. ज्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केलेला नाही, त्यांनी वाचून स्वतः जोडणी करू नये.

## टप्पा १: हवेचा हिशेब

सिलिंडरची निवड आपल्या नेहमीच्या वापरावरून करू नये. तळाशी बडीची (डायव्हमधल्या जोडीदाराची) हवा संपली आणि दोघांना एकाच सिलिंडरवर वर यावे लागले तर किती हवा लागेल, यावरून ती करावी. घाबरलेल्या माणसाचा श्वास वाढतो, म्हणून पृष्ठभागावरच्या मापाने प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, म्हणजे दोघांना ६० लिटर धरावेत.

खोली ३० मीटर असेल तर तिथला दाब ४ बार, म्हणजे पृष्ठभागावरच्या चौपट असतो. परिस्थिती सावरण्यास १ मिनिट लागले तर ६० × ४ म्हणजे २४० लिटर गेले. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर येण्यास सुमारे ४ मिनिटे लागतात आणि वाटेतला सरासरी दाब २.५ बार असतो, म्हणून आणखी ६०० लिटर लागतात. ५ मीटरवर ३ मिनिटांच्या सुरक्षा थांब्याला १.५ बार दाबाने २७० लिटर. एकूण १,११० लिटर झाले. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या 'एटी' (म्हणजे ८० घनफुटी) सिलिंडरची पाण्याच्या मापातली क्षमता ११.१ लिटर असते. भागाकार केल्यावर १०० बार हा आकडा येतो.

याचा अर्थ असा की २०० बार भरलेल्या सिलिंडरमधली अर्धी हवा ३० मीटरवर आपली नव्हेच. उरलेल्या १,११० लिटरपैकी शांत श्वास घेणारा डायव्हर त्या खोलीवर मिनिटाला सुमारे ८० लिटर वापरतो, म्हणजे खाली उतरण्यासह हाती १४ मिनिटांच्या आसपास उरतात. हाच हिशेब १८ मीटरला केल्यास राखीव हवा ६६६ लिटर, म्हणजे ६० बार येते. '५० बार उरले की वर या' हा नियम उथळ पाण्यासाठी ठीक आहे, पण तोच नियम ३० मीटरवर नेणे धोक्याचे आहे.

तपासा: हिशेब लिटरमध्ये करून शेवटी बारमध्ये आणला आहे ना? तेच १,११० लिटर १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे ९३ बार आणि १५ लिटरच्या सिलिंडरमध्ये ७४ बार होतात. सिलिंडर बदलला की गेजवरचा (दाबमापकावरचा) परत फिरण्याचा आकडाही बदलतो.

## टप्पा २: सिलिंडर

तारकर्ली-मालवण, गोव्याचे ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी किंवा अंदमानातले हॅवलॉक, या ठिकाणी डायव्ह सेंटरकडून सहसा ॲल्युमिनियमचा एटी सिलिंडरच मिळतो. त्याचा कामाचा दाब २०७ बार असतो. युरोपात मात्र १२ आणि १५ लिटरचे, २३२ बारचे पोलादी सिलिंडर अधिक दिसतात.

या दोघांतला महत्त्वाचा फरक तरंगण्याचा आहे. भरलेला एटी सिलिंडर समुद्राच्या पाण्यात जेमतेम बुडतो आणि रिकामा झाला की सुमारे २ किलोने वर ओढू लागतो, कारण डायव्हच्या ओघात अडीच किलोंहून अधिक हवा त्यातून निघून गेलेली असते. वजनांचा पट्टा भरल्या सिलिंडरवर बेताचा ठरवणारा डायव्हर शेवटच्या सुरक्षा थांब्यावर ५ मीटरला टिकू शकत नाही आणि फुगा सुटल्यासारखा वर जातो. पोलादी सिलिंडर रिकामा झाल्यावरही सहसा बुडताच राहतो, त्यामुळे वजने कमी लागतात. मात्र पातळ सूट घालून जड पोलादी सिलिंडर घेतल्यास, बीसीडी (तरंगणे सांभाळणारे फुगवायचे जाकीट) निकामी झाली तर टाकून देण्याजोगे वजनच अंगावर उरत नाही. कोकणच्या कोमट पाण्यात ३ मिलिमीटरच्या सूटबरोबर एकच ॲल्युमिनियम सिलिंडर हीच मांडणी मला सर्वांत समतोल वाटते.

सिलिंडर हाती घेतल्यावर त्याच्या खांद्यावरचे ठसे वाचावेत: पाण्याच्या मापातली क्षमता, कामाचा दाब आणि शेवटच्या जलदाब चाचणीची तारीख. भारतात सिलिंडरचे नियमन २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार होते आणि ते पाहणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. चाचणीची मुदत उलटलेला सिलिंडर भरलेला असला तरी घेऊ नये.

सावधान: जुना ॲल्युमिनियम सिलिंडर विकत घेताना मिश्रधातू विचारावा. ६३५१ या जुन्या मिश्रधातूच्या सिलिंडरना मानेपाशी तडे जाण्याचा दोष असतो. नंतर आलेल्या ६०६१ मध्ये तो नाही. तसेच सिलिंडरच्या मानेचे आटे दोन जवळजवळ सारख्या मापांचे असतात, एक मेट्रिक आणि एक इंची. चुकीचा व्हॉल्व्ह काही आट्यांपर्यंत बसतो आणि दाबाखाली उडतो. व्हॉल्व्ह बदलण्याचे काम घरी करू नये.

## टप्पा ३: व्हॉल्व्ह, योक की डिन

योक म्हणजे व्हॉल्व्हला बाहेरून कवटाळणारी चौकट, तर डिन म्हणजे व्हॉल्व्हच्या आत आट्यांनी फिरवून बसवायची जोडणी. योकमध्ये ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर असते, म्हणजे ती आपल्या ताब्यात नसते. डिनमध्ये ती आपल्या रेग्युलेटरवर असते आणि जोडल्यावर धातूच्या आत बंदिस्त होते, त्यामुळे धक्का लागला तरी निसटत नाही. योक २३२ बारपर्यंतच चालतो. ३०० बारच्या सिलिंडरला डिनच लागते.

माझे मत डिनच्या बाजूचे आहे, पण एका अटीवर: भारतात फिरायचे असेल तर योकचा अडॅप्टर पिशवीत कायम असावा. अडॅप्टरने फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) डोक्याच्या दिशेला थोडी पुढे येते आणि मान मागे टाकताना लागते, हे आधीच ताडून पाहावे. अनेक व्हॉल्व्हच्या तोंडात एक पितळी गुटका बसवलेला असतो. षटकोनी किल्लीने तो काढला की तोच व्हॉल्व्ह डिन होतो.

सावधान: ३०० बारची डिन जोडणी २३२ बारच्या व्हॉल्व्हमध्ये बसते, पण २३२ बारची जोडणी ३०० बारच्या व्हॉल्व्हमध्ये खोलवर पोहोचत नाही आणि हवा धरत नाही. ती गळत असेल तर जोर लावून आवळू नये.

## टप्पा ४: फर्स्ट स्टेज आणि होजची मांडणी

फर्स्ट स्टेज सिलिंडरचा दाब उतरवून भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक ठेवते. पिस्टन प्रकारात सुटे भाग कमी असतात. डायफ्रॅम (लवचीक पडद्याच्या) प्रकारात आतली यंत्रणा पाण्यापासून अलग ठेवता येते. गढूळ, वाळूच्या पाण्यात किंवा थंडीत ही अलगता कामाची ठरते. ब्रिटनमध्ये राहून स्टोनी कोव्हसारख्या पाणी भरलेल्या खाणीत उतरणाऱ्या वाचकांनी तर थंड पाण्यासाठी सीलबंद केलेला डायफ्रॅम प्रकारच घ्यावा, कारण हवा पसरताना तापमान आणखी उतरते, आत बर्फ धरतो आणि रेग्युलेटर थांबवता न येणारा प्रवाह सोडतो. कोकणात मात्र हा जादा खर्च करण्याची गरज नाही.

खरी चर्चा होजची आहे. दोन मांडण्या रूढ आहेत.

पहिल्या मांडणीत तोंडातला सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा श्वास घ्यायचा भाग) आखूड होजवर आणि पिवळा ऑक्टोपस (पर्यायी सेकंड स्टेज) लांब होजवर असतो. बडीला ऑक्टोपस द्यायचा असतो. तो हनुवटी आणि बरगड्यांच्या खालच्या टोकांमधल्या त्रिकोणात, एका ओढीने सुटेल असा अडकवावा. बाजूला लोंबणारा ऑक्टोपस वाळूतून ओढला जातो आणि नेमक्या गरजेच्या क्षणी त्यात वाळू असते.

दुसऱ्या मांडणीत तोंडातला सेकंड स्टेजच लांब होजवर असतो, तर पर्यायी सेकंड स्टेज रबराच्या गळपट्ट्याने हनुवटीखाली लटकतो. बडीला तोंडातला द्यायचा आणि आपण गळ्यातला घ्यायचा. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजात एकामागून एक बाहेर पडता यावे म्हणून ही होज २.१ मीटरची असते. मोकळ्या पाण्यात दीड मीटरची पुरते. या मांडणीकडे माझा कल आहे, कारण बडीच्या हाती चालू असल्याची खात्री असलेला रेग्युलेटर जातो आणि घाबरलेला माणूस तसाही समोरच्याच्या तोंडातला ओढतो.

तपासा: बडीला ही मांडणी ठाऊक आहे का? पिवळा शोधण्याची सवय असलेल्याला किनाऱ्यावरच देण्या-घेण्याचा सराव करवून घ्यावा. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही जागा नव्हे.

## टप्पा ५: दुसरा स्वतंत्र साठा हवा का?

१८ मीटरपर्यंत, जवळ राहणारा बडी असताना, गरज नाही. खोली वाढली किंवा कोकणातल्या गढूळ दिवशी बडी वरचेवर दिसेनासा होत असेल तर विचार करावा.

३ लिटरचा पोनी (छोटा, स्वतंत्र) सिलिंडर २०० बारला ६०० लिटर देतो. टप्पा १ चाच हिशेब एका माणसासाठी केल्यास ३० मीटरवरून ५५५ लिटर लागतात, म्हणजे तो जेमतेम पुरतो. अर्ध्या लिटरच्या हातातल्या बाटलीत मात्र १०० लिटर असतात आणि ३० मीटरवर घाबरलेला डायव्हर मिनिटाला १२० लिटर ओढतो. ती बाटली त्या खोलीवर नेणे म्हणजे खोटा दिलासा आहे.

साइडमाउंटमध्ये दोन सिलिंडर कुशीला आणि दोन्हींना स्वतंत्र रेग्युलेटर असतो. लांब होज उजव्या सिलिंडरवर, गळ्यातला सेकंड स्टेज डाव्यावर. दोन्हीकडून आलटून पालटून श्वास घेऊन दाब जवळपास सारखा ठेवावा लागतो. एकच सिलिंडर आधी संपवण्याची चूक केली तर दुसरा साठा उरतच नाही. पाठीवरच्या जोडसिलिंडरमध्ये लांब होज आणि बीसीडीचा इन्फ्लेटर (त्यात हवा भरणारी जोडणी) उजव्या व्हॉल्व्हवर ठेवतात, कारण डोक्यावरच्या छताला घासत पुढे गेल्यास डावी मूठ बंद होण्याच्या दिशेने फिरते. तसे झाले तरी बीसीडी आणि बडीचा श्वास चालू राहावा, हा त्यामागचा विचार आहे. या दोन्ही मांडण्यांसाठी वेगळे प्रशिक्षण घेतल्याशिवाय उतरू नये.

## टप्पा ६: बोटीवरची जोडणी

इथला क्रम पाळला तर चूक जिथे झाली तिथेच दिसते.

१. सिलिंडर पाहा. तोंडाची टेप काढून, व्हॉल्व्हचे तोंड माणसांपासून दूर धरून, क्षणभर किंचित उघडून बंद करावा. आतले पाणी आणि मीठ उडून जाते. ओ-रिंग नखाने न उकरता डोळ्यांजवळ नेऊन पाहावी: कडेला चपटेपणा, केसाएवढा चर किंवा चिकटलेला वाळूचा कण दिसला तर बदलावी. नायट्रॉक्स (जादा प्राणवायूची हवा) असेल तर प्राणवायूचे प्रमाण स्वतः मोजावे. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला, प्राणवायूच्या दाबाची १.४ बारची मर्यादा धरल्यास, ३३ मीटरखाली नेता येत नाही.

२. बीसीडी चढवा. पट्टा आधी ओला करावा. कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात सैल होऊन सिलिंडर घसरतो. व्हॉल्व्हचे तोंड बीसीडीकडे, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूकडे यावे. मग बीसीडी वरच्या मुठीने उचलून झटका द्यावा. सिलिंडर सरकला तर पट्टा पुन्हा आवळावा.

३. फर्स्ट स्टेज बसवा. टोपी काढल्यावर तिच्या आतली बाजू पाहावी. मागच्या डायव्हनंतर टोपी ओलीच बसवली असेल तर काठावर मिठाचे पांढरे कण दिसतात, आणि तेवढेच मीठ आत गाळणीवरही असते. सेकंड स्टेज उजवीकडे, गेज आणि इन्फ्लेटरची होज डावीकडे येईल अशी फर्स्ट स्टेज धरावी. आवळणे बोटांच्या जोरानेच. दाबाखाली जोडणी आपोआप घट्ट बसते, आणि पकडीने आवळलेला योक डायव्हनंतर सुटत नाही. मग इन्फ्लेटर जोडून होज ओढून पाहावी.

४. व्हॉल्व्ह बंद असतानाच श्वास ओढा. ही चाचणी सर्वांत जास्त वगळली जाते. प्रत्येक सेकंड स्टेज तोंडात धरून हलका श्वास आत ओढावा. काहीच आले नाही पाहिजे. हवा आली तर डायफ्रॅम फाटलेला आहे, बाहेर सोडणारा पडदा दुमडलेला आहे किंवा मुखपट्टीच्या बंधापाशी चीर आहे, आणि तिथूनच पाणी तोंडात येणार आहे. व्हॉल्व्ह उघडल्यावर हा दोष दाबाआड लपतो.

५. सावकाश उघडा. गेजची काच सर्वांपासून दूर, खाली वळवावी. पहिला पाव फेरा अगदी हळू, सुईने चढणे थांबवले की पूर्ण उघडावा. पूर्ण उघडून पाव फेरा मागे घेण्याची जुनी सवय सोडून द्यावी. तिच्यामुळे कोणी तरी चुकीच्या दिशेने फिरवतो आणि बंद व्हॉल्व्ह पाव फेराच उघडा राहतो. बोटीवर अशा व्हॉल्व्हमधून श्वास नीट येतो, २० मीटरवर येत नाही.

६. सुईकडे पाहत श्वास घ्या. गेज डोळ्यांसमोर धरून तोंडातल्या सेकंड स्टेजमधून चार मोठे श्वास घ्यावेत, मग दुसऱ्यातून. सुई स्थिर राहिली पाहिजे. श्वासागणिक ती खाली झुकून परत येत असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही किंवा फर्स्ट स्टेजची गाळणी तुंबली आहे. हवेला तेलाचा, धुराचा किंवा कुबट वास आला तर सिलिंडर बाजूला ठेवावा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून वास नाही याचा अर्थ हवा निर्धोक आहे असा होत नाही. सोयीचा छोटा मापक मिळतो, तो वापरावा.

७. पाच मिनिटे तसेच ठेवा आणि ऐका. सेकंड स्टेज थांबून थांबून फुसफुसू लागला तर बहुतेक जण त्याचेच बटण फिरवत बसतात. नेमके इथेच घोडे पेंड खाते. पुष्कळदा दोष फर्स्ट स्टेजच्या आतल्या बैठकीचा असतो: मधला दाब (फर्स्ट स्टेजने उतरवलेला, होजमधला) हळूहळू वाढत जातो आणि सेकंड स्टेज सुरक्षा झडपेसारखा तो बाहेर सोडतो. इन्फ्लेटरच्या होजला लावायचा साधा मधल्या दाबाचा गेज असेल तर हे लगेच कळते. सुई ठरावीक आकड्यावर थांबण्याऐवजी सरकत राहिली तर तो रेग्युलेटर त्या दिवशी पाण्यात नेऊ नये.

सावधान: उभा सिलिंडर सोडून जाऊ नये. तो पडला तर व्हॉल्व्ह, फर्स्ट स्टेज किंवा कोणाचा तरी पाय मोडतो.

## टप्पा ७: बडीची तपासणी आणि पहिले पाच मीटर

बडीने आपली मांडणी हाताने तपासावी: बीसीडी फुगते आणि रिकामी होते, वजने सुटतात, बक्कल लागले आहेत, पर्यायी सेकंड स्टेज एका ओढीने सुटतो. शेवटी दोघांनी आपापल्या सेकंड स्टेजमधून गेजकडे पाहत पुन्हा श्वास घ्यावा, कारण जोडणी आणि उडी यांच्यामध्ये बोटीवरचा कोणीतरी मदत म्हणून व्हॉल्व्ह फिरवून गेलेला असू शकतो.

पर्यायी सेकंड स्टेजला हवेचा ओघ कमी-जास्त करणारी कळ असेल तर उडी मारताना ती 'प्री-डाइव्ह' स्थितीत असावी, नाहीतर पाण्यावर आपटताच तो हवा ओकू लागतो. तोंडातल्याची कळ खाली उतरल्यावर बदलावी.

५ मीटरवर थांबून एकमेकांच्या व्हॉल्व्हभोवती बुडबुडे पाहावेत. एखादा बारीक बुडबुडाही दिसला तर वर येऊन ओ-रिंग बदलावी. वजनाची खरी परीक्षा डायव्हच्या शेवटी, ५० बारवर याच खोलीला बीसीडी रिकामी करून करावी.

## टप्पा ८: डायव्हनंतर

व्हॉल्व्ह बंद करून, पर्ज बटण (सेकंड स्टेजवरचे हवा सोडणारे बटण) दाबून सुई शून्यावर आणावी आणि मगच फर्स्ट स्टेज सोडवावी. टोपी सिलिंडरच्या हवेच्या फवाऱ्याने वाळवू नये. आवाजाने कान दुखतात आणि फर्स्ट स्टेजच्या उघड्या तोंडात पाणी उडते. कोरड्या कापडाने पुसून लगेच बसवावी. गोड्या पाण्यात बुडवताना पर्ज बटण मुळीच दाबू नये, कारण दाब नसताना ते दाबले की झडप उघडून पाणी होजमार्गे फर्स्ट स्टेजपर्यंत जाते. सावलीत, होज न मुडपता टांगून ठेवावे. सिलिंडर पूर्ण रिकामा न करता थोडा दाब शिल्लक ठेवावा, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. पावसाळ्यात कोकणातले डायव्हिंग बंद असते त्या महिन्यांत रेग्युलेटर उत्पादकाने ठरवलेल्या मुदतीप्रमाणे दुरुस्तीला द्यावा आणि परत आल्यावर टप्पा ६ मधल्या चौथ्या, सहाव्या आणि सातव्या चाचण्या पुन्हा कराव्यात.